मैदानावर ब्रंग

पिंपळखोरीच्या बायकांना दोन गोष्टी हात बांधून जमत नाहीत. एक भांडण आणि दुसरी इंग्रजी क्रियापदं. भांडताना हात कमरेवर जातो, आणि क्रियापद म्हणताना आधी गुडघ्यापाशी, मग छातीशी, मग थेट डोक्यावर. नव्या पोरींचं नाही म्हणत. पण आज ज्या पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आहेत, त्यांचं हे असंच. धोंडुबाई एकदा कराडच्या बँकेत कुणी "गो" म्हणालं म्हणून अशी खाली वाकली, की शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला.

ह्याचं मूळ तांबोळी सरांत. रहिमान तांबोळी हे पाच वाड्यांना मिळून एक असलेल्या हायस्कुलात इंग्रजीचे मास्तर. कवायतीच्या मास्तरांची जागा रिकामी होती आणि "भरेपर्यंत तुम्हीच बघा" असं त्यांना सांगण्यात आलं. ती भरायला अकरा वर्षं लागली. दुपारचे शेवटचे दोन तास, आधी इंग्रजी आणि मग कवायत. इंग्रजीला पोरी पेंगायच्या आणि कवायतीला जाग्या व्हायच्या. सर एक दिवस म्हणाले, जाग्या असतानाच शिकवू की. फळा वर्गात ठेवून त्यांनी पोरींना मैदानावर नेलं, हातात लेझीम दिली आणि क्रियापदाची तीन रूपं तीन ठोक्यांवर बसवली. 'गो'ला लेझीम गुडघ्याशी, 'वेंट'ला छातीशी, 'गॉन'ला डोक्यावर, आणि चौथ्या ठोक्याला तोंड बंद, नुसता पाय वळवायचा. गो, वेंट, गॉन, छन्न. 'कट-कट-कट'ला जागेवरच तीन हिसके. तेवढाच दम खायला बरा. त्या वर्षी इंग्रजीत एकच मुलगी नापास झाली, आणि तिला लेझीमही येत नव्हती.

अडलं ते 'ब्रिंग'पाशी. सिंग-सँग-संग झालं, रिंग-रँग-रंग झालं, आणि त्याच झोकात पोरींच्या तोंडून आपोआप ब्रिंग-ब्रँग-ब्रंग निघालं. सरांनी शिट्टी मारली. "चूक. ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट." पोरींनी तसं करून पाहिलं. पण एकच शब्द दोनदा आला की हाताला कळेना, वर जायचं का छातीशीच राहायचं. निम्मी ओळ वर, निम्मी खाली. त्यात संयोगिताची लेझीम जी वर गेली, ती शेजारच्या धोंडूच्या टाळक्यावरच उतरली. तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी सरांनी पट्टी बांधलेल्या धोंडूकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पोरीच्या डोक्यापेक्षा क्रियापद मोठं नाही. आजपासून मैदानावर ब्रंग, पेपरात ब्रॉट. दोन्ही पाठ पाहिजेत. इकडचं तिकडं केलंत तर छडी."

कुणी इकडचं तिकडं केलं नाही. घरात 'हाय' म्हणायचं आणि निबंधात 'आहे' लिहायचं, ही कसरत पोरींना पहिलीपासूनच ठाऊक होती. त्यात ही आणखी एक.

संयोगिताचं मात्र मैदान झालं आणि पेपर राहिला. दहावीच्या वर्षी, म्हणजे एक्क्याण्णव साली, सरांनी सांगलीच्या स्पर्धेसाठी सोळा पोरींचा ताफा तयार केला. चार चारच्या चार ओळी. संयोगिता पहिल्या ओळीत, उजवीकडून पहिली. निघायच्या चार दिवस आधी तिची सुपारी फुटली. "ठरल्याली पोरगी चार गावच्या लोकांम्होरं नाचनार न्हाई," असं वडील म्हणाले, आणि लग्नाच्या गडबडीत दहावीची परीक्षाही राहून गेली. पंधराजणी सांगलीला गेल्या. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसानं पेन्सिलीनं डोकी मोजली आणि सांगितलं, सोळा लागतात. सरांनी हात जोडले, तरी तो 'सोळा लागतात' एवढंच म्हणत राहिला. शेवटी सरांनी पोरींना भेळ खायला घातली आणि एसटीत बसवून परत आणलं.

लग्न होऊन पोरी लांब जातात म्हणतात; ह्या नुसता ओढा ओलांडून ह्या वाडीतून त्या वाडीत आल्या, आणि बऱ्याचजणी पिंपळखोरीतच पडल्या. त्या दिवसाबद्दल संयोगिताला कुणी कधी बोल लावला नाही. धोंडुबाई तेवढी वर्षाकाठी एकदा म्हणायची, "टाकं बी मलाच, आन सांगली बी माजीच बुडाली." हसूनच म्हणायची. पण चौतीस वर्षांत संयोगितानं भेळ म्हणून खाल्ली नव्हती. पित्त होतं, असं ती सांगायची.

मुलं मोठी झाली, सासवा थकल्या, संध्याकाळचा तासभर मोकळा झाला, तेव्हा ह्या बायकांनी शाळेच्या अडगळीतल्या जुन्या लेझमी मागून आणल्या. साखळ्यांना खोबरेल चोळलं. अर्जुनादादानं खुंटीवरची हलगी काढली. लांबून आलेल्या सुनांना जावांनी पाय शिकवले, आणि ताफा पुन्हा उभा राहिला. यंदा सांगलीत महिलांची लेझीम स्पर्धा निघाली: खुला गट, किमान सोळाजणी. संयोगितानं फॉर्म भरला, आणि 'एकूण संख्या'समोर सोळा हा आकडा इतका दाबून लिहिला की मागच्या कागदावर उमटला.

स्पर्धेला नऊ दिवस राहिले आणि ताफ्यातली हरणाबाई गोठ्यात घसरली. गुडघा नारळाएवढा झाला. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे जमिनीवर पाय आपटायचा नाही. लेझीम म्हणजे तर पायच आपटायचा.

"आता गं?" धोंडुबाईनं विचारलं.

"बगू."

"बगू काय? घरात येवडी तरनीताठी सून हाय. म्हन की तिला."

"ती न्हाई."

"का? सोन्याची हाय व्हय?"

"दमून येती गं शाळंतनं. वर वह्या तपासायच्या असत्यात."

हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. पूजा घरात आल्याला साडेतीन महिने झाले होते आणि ती अजून पाहुणीसारखी नीट वागत होती. ताट धुऊन पुसून ठेवायची. "आई, मी करते," "आई, हे चालेल का?" हसायची, पण ओठ मिटून. सांगली शहरातली, इंग्रजीत एम.ए. झालेली. संयोगिताचा मुलगा वीरधवल पुण्याला कारखान्यात. तो शनिवारी यायचा, आणि त्या रात्री पूजाचं खरं हसू माडीवरून खाली ऐकू यायचं. बाकी सहा दिवस बंद. कराडच्या एका इंग्रजी शाळेत ती शिकवायला जाई. नोकरी कच्ची होती; वर्षभर काम बघून मग पक्की करणार होते. तिथल्या मुख्याध्यापिका, सबनीस मॅडम, शिक्षकांनी भाजी घेतानासुद्धा शुद्ध इंग्रजी बोलावं अशा मताच्या होत्या.

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात पूजानं गच्चीवरून बायकांचा सराव ऐकला होता. रात्री जेवताना ती हळूच म्हणाली, "आई, ते ब्रंग आहे ना... तसं नसतं ते."

"ठावं हाय गं. पेपरात ब्रॉट."

"मग?"

"मैदानावर ब्रंग."

पूजा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "बरं." त्या 'बरं'मध्ये आपल्याला दहातले किती मिळाले, ते संयोगिताला न सांगता कळलं. तेव्हापासून तिनं सुनेसमोर लेझमीचा विषय काढला नव्हता. मागणं तर लांबच.

विषय काढला तो तिच्या नवऱ्यानं. सयाजी फौजेतून हवालदार होऊन आलेला. त्याच्या पोटात एक तर जेवण राहायचं नाहीतर गुपित. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी संयोगिता आत आलं किसत होती आणि बाहेर ओट्यावर सासरा सुनेला रिपोर्ट देत होता.

"...मंग पंधरा पोरी परत. आन ही सोळावी घरात बसल्याली. का? तर माज्यासंगं ठरल्यालं! मी तवा कुटं? पठाणकोटला. मला तर म्हाईतच न्हाई माजं लगीन ठरलंय म्हनून. गुन्हा माजा, शिक्षा हिला आन भेळ पंधराजनींला."

"म्हणून आई भेळ खात नाहीत?"

"पित्त हुतं म्हंती." सयाजी हसला. "फुटानं खाल्ल्यावर न्हाई हुत."

आत आलं संपून किसणी बोटाला लागली. संयोगितानं बोट तोंडात घातलं. नवऱ्याला काय काय ऐकवायचं ते ती जुळवतच होती, तेवढ्यात पूजा दारात येऊन उभी राहिली.

"आई, लेझीम किती जड असते?"

"सव्वा किलो आसंल," संयोगिता म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला ह्याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "पर हात न्हाई दुकत. पाय दुकत्यात."

"मला शिकवाल? नऊ दिवसांत?"

"आठ," संयोगिता म्हणाली.

पूजाची एकच अट होती: बाकी सगळं तुमचं, पण ब्रिंग तेवढं नीट करू. मी वर्गात मुलांना शिकवते, मला तोंडानं ते म्हणता येणार नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सोळावी मिळत होती. सोळावीसाठी त्यांनी 'ब्रिंग' काय, अख्खी बाराखडी बदलली असती. देवळापुढच्या पटांगणात पूजानं पंधराजणींना दगडी पायऱ्यांवर बसवून दहा मिनिटं ब्रॉट म्हणायला लावलं. सगळ्यांनी चांगल्या पोरींसारखं म्हटलं. मग अर्जुनादादानं हलगीवर बोटं टेकवली.

सिंग-सँग-संग सुरेख झालं. रिंग-रँग-रंगला पूजाचा हातसुद्धा वेळेवर वर गेला. "ब्रिंग," सगळ्या खाली वाकल्या, "ब्रॉट," छातीशी आल्या, "ब्रॉट..." आणि चार ओळींच्या सात ओळी झाल्या. कुणाची लेझीम वर, कुणाची पोटाशी, दोघींच्या साखळ्या एकमेकींत अडकल्या, आणि धोंडुबाई तर लेझीम टाकून दोन्ही हात डोक्यावर घेऊन खालीच बसली.

"काय झालं? लागलं का?" पूजा घाबरली.

"आजून न्हाई," धोंडुबाई म्हणाली. "पर ही तुजी सासू माज्या बाजूला हाय, आन ब्रॉट म्हनलं की तिचा हात कुटं पडतो ते मला ठावं हाय."

पूजानं खुद्द स्वतःच्या हाताकडे पाहिलं. एम.ए.चा हात, पण तोही छातीशीच अडकला होता, आणि तिला तो ना वर नेता येत होता ना खाली. तीन वेळा करून पाहिलं. तीनदा तेच. अर्जुनादादा हलगी शेकायला काढलेल्या जाळापाशी बसून विडी ओढत म्हणाला, "पोरी, पाय आदी शिकलाय, तोंड मागनं. मागनं आलेल्यानं म्होरच्याला वाट सांगू ने."

शेवटी तडजोड निघाली. पंधराजणींनी आपलं म्हणायचं ते म्हणावं. पूजा 'ब्रिंग' म्हणेल आणि पुढचे दोन ठोके तोंड मिटून घेईल. तिची रूपं लेझीम म्हणेल. असंच मग आठ दिवस चाललं. पंधराजणी आभाळाकडे बघून "ब्रंग!" ओरडायच्या आणि चौथ्या ओळीतली एकजण ओठ घट्ट दाबून नुसती छन्न वाजवायची. तिचा डावा पाय किंचित उशिरा पडत होता, पण पडत होता. पाचव्या दिवशी तिनं संयोगिताला, पाय चेपून देऊ का, असं विचारायच्या ऐवजी स्वतःचे पाय पुढे केले आणि ते आपल्या लक्षात आलं तशी लाजून मागे घेतले. संयोगितानं ते धरून ठेवले आणि तेल लावलं.

स्पर्धेच्या सकाळी टेम्पोत सोळाजणी, सोळा लेझमी, हलगी आणि अर्जुनादादा. पाठीमागून मोटारसायकलवर सयाजी, जणू काफिल्याला संरक्षण. इस्लामपूर मागे पडल्यावर पूजा म्हणाली, "एक सांगू का? आम्हाला एम.ए.ला होतं. इंग्लंडातल्या, अमेरिकेतल्या खेड्यांतसुद्धा लोक ब्रंग म्हणतात. पुस्तकात नाही चालत, पण घरात, शेतात म्हणतात."

टेम्पोतल्या पंधराजणी तिच्याकडे वळल्या.

"म्हंजी तितं बी तांबोळी सर हुते?" धोंडुबाईनं विचारलं.

तेव्हा पूजा हसली. ओठ उघडून, दात दिसेपर्यंत, पार ठसका लागेपर्यंत. संयोगितानं खिडकीबाहेरच्या उसाकडे तोंड फिरवलं, कारण अशा वेळी बघत राहिलं की माणूस हसायचं थांबतं.

सांगलीत मैदानावर मांडव, माईकवाला "हॅलो, हॅलो" करत होता, आणि पत्र्याच्या फलकावर परीक्षकांची तीन नावं लावलेली. मधलं नाव संयोगितानं दोनदा वाचलं. त्याच सबनीस मॅडम. खाली कराडच्या त्या शाळेचंही नाव. ती पूजाला सांगायला वळली, तर पूजा जागेवर नव्हती.

"पिंपळखोरी!" नोंदणीच्या टेबलावरून हाक आली. तरुण पोरगा होता, पण पेन्सिल तशीच. पेन्सिलीच्या टोकानं त्यानं एकेक डोकं मोजलं. "पंधराच दिसतायत, मावशी. सोळा लागतात."

आजूबाजूला बायका "हाय, हाय, हितंच हुती" म्हणत होत्या, धोंडुबाई "पूजेऽऽ" म्हणून हाका मारत होती, आणि संयोगिताला वाटलं, तिनं फलक वाचला. वाचला आणि गेली. जाईना का, पोटाचा प्रश्न आहे पोरीच्या. हरकत नाही. पण हे पंधरावं डोकं मोजून पेन्सिल थांबलेली बघणं किती वाईट असतं, ते त्या वेळी घरात बसून आपल्याला कळलंच नव्हतं. सरांना कळलं असेल.

"आले, आले!" मांडवामागून पूजा धावत आली. एका हातानं नऊवारीचा काष्टा धरलेला. "सुटला होता. आतल्या मावशींकडून पुन्हा नेसून घेतला."

पोरानं पेन्सिल टेकवली. "सोळा."

संयोगितानं तो आकडा त्याला लिहिताना पाहिला. मग ती बाजूला झाली, आणि पूजा काष्ट्याला पिना लावत असताना एकेकीच्या कानाशी लागली. "मधल्या परीक्षक पूजाच्या म्याडम हायेत. ब्रिंगच्या पुडं तोंड गप्प. ब्रँग न्हाई, ब्रंग न्हाई, नुसती लेझीम. पोरीची नोकरी कच्ची हाय."

"आगं, पर त्योच तर आपला..." कुणीतरी कुरकुरलं.

"गप्प म्हनलं ना."

धोंडुबाईनं डोक्यावरच्या जुन्या खुणेवरून बोट फिरवलं. "चवतीस वर्सांनी सांगलीत आलो, आन तोंड शिवून? बरं बाई. तुज्या सुनंसाटी."

पूजाला कुणी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, नको, माझ्यासाठी नको.

हलगी कडाडली. मांडवातली माणसं टाळ्या धरायला लागली. गो-वेंट-गॉनला तर पहिल्या रांगेतली पोरंसुद्धा ओरडायला लागली, कारण हे असलं लेझमीत त्यांनी ऐकलेलंच नव्हतं. सबनीस मॅडमनी लिहायचं थांबवून चष्मा वर केला. कट-कट-कटला दम खाल्ला. सिंग-सँग-संग. रिंग-रँग-रंग. संयोगिता पहिल्या ओळीत उजवीकडून पहिली होती, आणि तिनं दात आवळले.

"ब्रिंग!" सोळाजणी वाकल्या.

छन्न. पंधरा तोंडं मिटलेली. आणि त्या शांततेत, पाठीमागून, चौथ्या ओळीतून, एकटाच एक तरणा आवाज मांडवाच्या कापडाला जाऊन भिडला:

"ब्रँग!"

संयोगिताचा हात छातीशी होता. मागे वळता येत नव्हतं, ठोका चुकला असता.

"ब्रंग!" पूजा ओरडली, एकटीच, पार बेंबीच्या देठापासून.

चौथा ठोका. पाय वळला. वळताना सगळ्या ताफ्याला ती दिसली: लालबुंद, डोळे मोठे केलेले, आणि चेहऱ्यावर भला मोठा प्रश्न. तुम्ही का गप्प? एवढे आठ दिवस मी गप्प बसत होते आणि आज तुमच्यासाठी तोंड उघडलं, तर तुम्हीच? मग तिची नजर संयोगिताच्या नजरेला भिडली आणि दोघींनाही एकदमच समजलं, कोण कुणासाठी गप्प बसलं होतं आणि कोण कुणासाठी ओरडलं होतं.

पहिली हसली ती धोंडुबाई. लेझीम हातात असताना हसू नये, असा सरांचा नियम होता. तो त्या दिवशी मोडला. "पुना घे रं आर्जुना!" ती ओरडली, आणि अर्जुनादादानं ठोका मागे आणून पुन्हा तोच दिला. ह्या वेळी सोळाजणींचं "ब्रिंग! ब्रँग! ब्रंग!" असं निघालं की माईकवाल्यानं घाईघाईनं आवाज कमी केला.

बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं. हसल्याचे मार्क कापले, असं नंतर कळलं. ढाल घेऊन बायका मांडवाबाहेर आल्या तेव्हा सबनीस मॅडम समोर उभ्या.

"पूजा," त्या म्हणाल्या. "ब्रंग?"

"हो, मॅडम." पूजाचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. "मैदानावर. वर्गात ब्रॉट."

मॅडमनी सोळाजणींकडे एकदा सावकाश बघून घेतलं. "आपल्या सहावीला एका क्रियापदाची तीन रूपं पाठ होत नाहीत," त्या म्हणाल्या. "हे शाळेत करता येईल? अर्थात, शुद्ध करून."

"शुद्ध करून नाही येणार, मॅडम."

"का?"

धोंडुबाई पुढे झाली, मान खाली घातली आणि भांगाच्या बाजूचे केस बाजूला करून मॅडमना तीन टाक्यांची खूण दाखवली. मॅडम वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सोमवारी मधल्या सुट्टीत मला भेट, पूजा. एक लेझीम घेऊन ये." रागावल्या होत्या का नाही, ते कळलं नाही. पण जाताना त्यांची पर्स धरलेला हात गुडघ्यापासून छातीपर्यंत आला आणि मग त्यांनी तो ठरवून खाली घेतला. हे सयाजीनं पाहिलं, आणि तो खोटं बोलत नाही. फक्त जास्त बोलतो.

"आई," पूजा संयोगिताच्या कानाशी म्हणाली, "लय मजा आली." तिच्या तोंडी 'लय' हा शब्द संयोगितानं पहिल्यांदाच ऐकला. तिनं तो सुधारला नाही.

तांबोळी सर सांगलीतच राहत होते, लेकीकडे, अकिलाकडे, तिसऱ्या मजल्यावर. वय चौऱ्याऐंशी, कानात यंत्र, पायाला काठी. सोळा बायका दिवाणखान्यात शिरल्या तेव्हा अकिलानं टीपॉय गॅलरीत काढून ठेवलं. तिनं सयाजीनं मोबाइलवर घेतलेलं चित्रण लावून सरांच्या हातात दिलं. सरांनी ते शेवटपर्यंत पाहिलं, एकदाही न हसता.

"चौथ्या ओळीत डावीकडून दुसरी," ते म्हणाले. "डावा पाय उशिरा पडतोय."

"मीच ती, सर," पूजा म्हणाली आणि पाया पडली.

"आवाज चांगला आहे. पेपरात काय?"

"ब्रॉट, सर."

"बस." मग सरांनी काठीनं सगळ्यांची डोकी मोजायला सुरुवात केली. धोंडूवर काठी क्षणभर थांबली, पुढे गेली. सोळावर येऊन त्यांनी काठी खाली ठेवली आणि संयोगिताकडे पाहिलं. तिला वाटलं, आता ते एक्क्याण्णवचं काढणार. पण मास्तरच ते. त्यांनी प्रश्न विचारला.

"सोळावी कुठून आणलीस?"

"घरातनं, सर. सून हाय."

"इंग्रजीत सांग."

कुणी पुढचं सुचवलं नाही, पूजानंही नाही. संयोगिता खुर्चीतून उठून उभी राहिली, पदर नीट केला. हे मैदान नव्हतं. सतरंजी होती, समोर मास्तर होते आणि न दिलेला पेपर होता.

"आय ब्रॉट हर, सर," ती म्हणाली.

हात छातीशी गेला होता. तो वर गेला नाही, खालीही आला नाही, तिथंच राहिला. आणि ह्या खेपेला त्याला कुठं जायचंही नव्हतं.

सरांनी मान डोलावली. अकिला आतून परात घेऊन आली. चिरमुरे, शेव, चिंचेचं पाणी, वर कच्ची कैरी. बायका येणार म्हणून सरांनीच सकाळी सांगून ठेवलं होतं.

"हिला पित्त हुतं, सर," धोंडुबाई म्हणाली. "हिची मलाच द्या."

"गप गं," संयोगिता म्हणाली, आणि तिनं परातीत हात घातला.